अंगावर बसलेलं होल्स्टर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा हा विषय मनात आला की घाईघाईनं दुसरं काहीतरी मागून मोकळा होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय. उद्या माधव नगरात माझ्या टाइल्सच्या दुकानात आलात, तर मी तुम्हाला बाथरूमच्या फरश्या दाखवीन, चहा पाजीन, आणि हे लिहिणारा तो मीच अशी शंकाही तुम्हाला येणार नाही. इथे मला भला माणूस म्हणतात. त्या शब्दाची आता शिसारी येते.

सुरुवात होल्स्टरपासून करतो. हसू नका — किंवा हसा, हसण्यासारखंच आहे ते.

बाबांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर होतं. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी कारकुनी करायला या हिंदी मुलखात आले. त्यातल्या कुणी तलवार चालवल्याचं ऐकिवात नाही, पण खंडेनवमीला शस्त्रपूजा मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. ते रिव्हॉल्व्हर बाबांनी जन्मभर कपाटात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. वर्षातून एकदा काढायचे, लोखंडाला तेलाचं बोट लावायचे, हळदकुंकू वाहायचे आणि परत गुंडाळायचे. ते गेले, लायसन्स माझ्या नावावर झालं, आणि मला काय झालं कोण जाणे. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, दिवसभर फरश्यांचे नमुने पुसणारा मी — मला ते कमरेला लावायचं होतं. कोण चाल करून येणार होतं माझ्यावर? रंग पसंत न पडलेलं गिऱ्हाईक? पण आमच्याकडे लग्नाकार्यात कुणाचा शर्ट कमरेपाशी जरा फुगलेला दिसला की लोक त्याला पुढची खुर्ची देतात. मला ती खुर्ची हवी होती. बस, एवढंच.

होल्स्टर आणायला इंदूरला गेलो. सोबत अवि होता. अविनाश, म्हणजे माझ्या बायकोचा, मेधाचा, धाकटा भाऊ. तो तेव्हा आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा आणि दुकानात माझ्या हाताखाली काम करायचा. होल्स्टर चांगलं जाड, तपकिरी चामड्याचं होतं. वरून झाकण, झाकणाला टिचबटण, मागे कमरेचा पट्टा ओवायला दोन फटी. पण इतकं कडक, की रिव्हॉल्व्हर अर्धंच आत जाई आणि झाकण बटणापर्यंत पोचतच नसे. दुकानदार हसला. म्हणाला, "नया चमड़ा है भाई साब, अकड़ेगा ही. गन खाली करो, पन्नी में लपेटो, दबा के अंदर डालो और रात भर छोड़ दो. दो-चार रोज़ में अपने आप नाप पकड़ लेगा. बस तेल-वेल मत पिलाना, ढीला पड़ जाएगा." पैसे घेताना आणखी म्हणाला, "एक बार बैठ गया ना, तो पता ही नहीं चलेगा कि पहना है."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आधीचं मात्र मी विसरलो — खोटं. विसरलो नाही. ऐकलं नाही.

पहिले काही दिवस सगळं नीट केलं. काडतुसं काढून वेगळी ठेवायची, रिकामं रिव्हॉल्व्हर धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळायचं, गुडघा टेकवून होल्स्टरमध्ये दाबायचं. सकाळी दोन्ही हातांनी ओढून काढायचं. चामडं कुरकुरायचं, हळूहळू सैलावायचं. मग मी ते कमरेला लावून आरशासमोर उभा राहायचो. जरा पुढे घेतलं की पोटाखाली चेपायचं, मागे सरकवलं की खुर्चीत बसताना बरगडीत टोचायचं. पट्ट्याला नवं भोक पाडलं. मग खोलीचं दार लावून, शर्टाची बाजू झटकन उडवून, ते बाहेर काढण्याचा सराव. एकदा मेधानं दार उघडलं. तिनं पाहिलं, आणि दार परत लोटून घेतलं. तिथंच थांबायला हवं होतं ना मी? माझा मात्र दुसऱ्या दिवशीही सराव चालूच.

खंडेनवमीला मी रिव्हॉल्व्हरबरोबर होल्स्टरही पाटावर मांडलं. मेधा म्हणाली, "अहो, चामडं कशाला देवापुढे?" मी म्हटलं, शस्त्राचंच अंग आहे ते. पूजा झाली आणि मला बाबांचं तेलाचं बोट आठवलं. समईतलं कोमट तेल वाटीत काढून घेतलं आणि बोटभर नाही, चांगलं ओंजळभर, आतून बाहेरून त्या चामड्याला चोळलं. लोखंडाला चालतं तर याला का नाही? लवकर मऊ होईल, दसऱ्याला सोनं वाटायला जाताना घालता येईल. चामड्यानं ते तेल कसं घटाघटा पिऊन टाकलं. अवि दारात उभा होता. हळूच म्हणाला, "जिजाजी, त्यानं तेलाला मना केलं होतं ना?"

मी काय म्हणालो ऐका. मेधासमोर, पूजेच्या पाटावर बसून, तेलानं माखलेल्या हातांनी. "तुला काय कळतं त्यातलं? बाटलीपलीकडे काही कळलंय का आजवर?"

अवि खाली मान घालून निघून गेला. तो प्यायचा, हे खरं. वाईट प्यायचा. रात्री काय केलं ते सकाळी त्याला आठवत नसे. एकदा शेजाऱ्यांची सायकल उचलून घरी घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी पोटतिडकीनं शपथा घेत होता की मी हातसुद्धा लावला नाही. सायकल मागे ओट्यावर उभी. पण त्यानं ते सोडलं होतं. मेधानं त्याला घरी आणून ठेवलं, त्याच्याबरोबर रात्र रात्र जागली, आणि त्यानं सोडलं. आमच्या घरातली ती खरी लढाई, आणि ती त्या दोघांनी जिंकली होती. देवासच्या एका शिक्षिकेचं स्थळ आलं होतं. नदीवर, रामघाटाच्या संध्याकाळच्या आरतीच्या निमित्तानं दोघांची भेट घडवली होती, दोन्हीकडून पसंती होती. दिवाळीनंतर साखरपुडा करायचं चाललं होतं. मेधा त्या दिवसांत गुणगुणत असायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

माझं ते बोलणं हलकट होतं. पण जे सांगायचंय, ते हे नाही.

तेलानं होल्स्टर मऊ झालं. आधी मी खूश. मग ते मऊच होत गेलं. तोंड पसरलं, झाकण लोळागोळा झालं, बटणाभोवतीचं चामडं ताणलं जाऊन बटण आपोआप सुटायला लागलं. वास तर असा, की काय सांगू — खवट तेल, जनावराचं कातडं आणि माझा घाम. पँटवर कमरेपाशी तेलाचा डाग उमटायचा. बटण सुटलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. तरी घालत राहिलो. का? काढून ठेवलं असतं तर अविचं खरं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली. आमच्याकडे अशा वेळी लायसन्सची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. निकालानंतर परत मिळतात. बाबा रिव्हॉल्व्हर कापडी पिशवीत घालून न्यायचे, भाजी आणायला निघाल्यासारखे. मी ते कमरेला लावून निघालो. चार लोकांनी बघावं म्हणून. दारापर्यंत गेलो, तोच पँटवरचा डाग दिसला. बाथरूममध्ये शिरलो, पट्टा ओढून काढला, होल्स्टर त्यालाच लोंबकळत होतं. अविला हाक मारली, दुसरी पँट मागितली. त्यानं दाराच्या फटीतून दिली. त्यानंच इस्त्री केली होती. पट्टा ओवला, होल्स्टरचं झाकण सुटलेलं होतं, ते न बघताच चाचपून दाबलं आणि स्कूटर काढली.

आता तुम्ही विचाराल, कमरेवरचं एवढं लोखंडाचं वजन कमी झालेलं कळलं नाही? कळलं ना. स्कूटरवर बसल्या बसल्या कळलं, की आज काही टोचत नाही, काही ओढत नाही. आणि मला त्या दुकानदाराचं वाक्य आठवलं. मला वाटलं, बसलं. अखेर होल्स्टर अंगावर बसलं! भर वस्तीतल्या टॉवरच्या चौकातून मी छाती काढून गेलो.

ठाण्यात मुंशीच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या हवालदाराच्या, टेबलासमोर दोन-तीन ओळखीचे व्यापारी रांगेत होते. माझा नंबर आला. मी शर्टाची बाजू उडवली — तो सराव केलेला झटका — बटण सोडलं, आत हात घातला. हाताला फक्त चिकट चामडं लागलं.

मुंशीनं पेन खाली ठेवलं. "कहाँ है?"

त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर होतं. बटण सुटतं, घरीच कुठेतरी पडलं असेल, बघून येतो. एवढंच बोलायचं होतं. पण मागे ते व्यापारी. कुणीतरी खुसकन हसलंसुद्धा. निष्काळजीपणासाठी लायसन्स जातं हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू? लायसन्सपेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. मुंशीनं विचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, पत्नी आणि साला. त्यानं मान वर केली. "साला क्या करता है? पीता-वीता है?"

"पीता था," मी म्हणालो. आणि आवाज खाली आणून, "आज सुबह कपड़े उसी ने पकड़ाए थे."

यात एक शब्दही खोटा नाही बघा. कितीतरी वर्षं मी याच गोष्टीवर स्वतःला झोपवत आलो.

दोन शिपाई माझ्याबरोबर घरी आले. अविची खोली उलटीपालटी केली. ट्रंक ओतली, गादी फाडली, साखरपुड्यासाठी शिवलेला त्याचा नवा शर्ट जमिनीवर पडला आणि बुटाखाली आला. माझ्या खोलीत कुणी डोकावलंही नाही. तक्रार करणाऱ्याच्या खोलीत कोण शोधतं? अवि म्हणत होता, मैंने नहीं लिया, साब. एका शिपायानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. मेधा ओरडली. मग ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवि, माझी शपथ आहे. खरं सांग."

"ताई, मी नाही गं."

मेधानं माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. नवऱ्यानं एक शब्द टाकावा, की असू दे, आपण आधी घर तर शोधू. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. अविला जीपमध्ये घालून नेलं. अख्खी गल्ली बाहेर आली होती. त्याला संध्याकाळी सोडलं. ओठ सुजलेला होता. तो जिन्यानं सरळ वर गेला, आणि मेधा त्याला जेवायला हाक मारायला उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेलो. बाथरूमच्या कोपऱ्यात मळक्या कपड्यांची टोपली असते. आदल्या दिवशीच्या गोंधळात मशीन लावायचं राहून गेलं होतं. त्यात कालची डागाची पँट टाकलेली. ती उचलली. खाली माझेच घामट बनियन, माझ्याच चड्ड्या, आणि त्यांच्यात अलगद रुतून बसलेलं बाबांचं रिव्हॉल्व्हर. पट्टा ओढला तेव्हा होल्स्टर उलटं झालं असणार आणि ते त्या घाणीत आवाज न करता पडलं असणार.

मी कमोडवर बसलो. दाराच्या पलीकडे मेधा कपबशा विसळत होती. दार उघडायचं आणि म्हणायचं, "मेधा, हे बघ." दोन पावलं. तुम्ही असता तर? मला माहीत आहे, तुम्ही दार उघडलं असतं. कुणीही उघडलं असतं.

मी ते टॉवेलमध्ये गुंडाळलं. अवि दूध आणायला बाहेर गेला होता; त्याच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीमागे जुन्या फरश्यांची चळत असते. तिथं ठेवलं. थोड्या वेळानं मेधाला घेऊन वर गेलो, इकडे तिकडे शोधल्यासारखं केलं आणि तिच्यासमोर ते काढलं. बिचारीनं तोंडावर पदर घेतला.

मग मी फार मोठा झालो. ठाण्यात जाऊन सांगितलं, "मिल गया जी. घर का लड़का है, घबरा के छुपा दिया था. शादी-ब्याह का मामला है, आगे मत बढ़ाइए." मुंशी उठून उभा राहिला. म्हणाला, आप जैसे जीजा कहाँ मिलते हैं. गल्लीत हीच चर्चा. साल्यानं एवढं केलं तरी माफ केलं हो, केवढं मन! मेधानं माझे पाय धरले. माझ्या बायकोनं, त्या मळक्या टोपलीच्या मालकाचे पाय धरले, आणि मी तिला खांद्याला धरून उठवलं. वर म्हणालो, जाऊ दे, आपलाच आहे तो.

पण सांगायचं होतं ते हेसुद्धा नव्हे. ते आता.

त्या संध्याकाळी अवि दुकानात आला. शटर अर्धं खाली होतं, आत मी एकटाच. तो फरश्यांच्या खोक्यावर बसला. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो स्वतःचे तळहात बघत म्हणाला, "जिजाजी, मी घेतलं असेल का हो? मला खरंच नाही आठवत. पण ते सायकलचं पण मला नव्हतं आठवलं. न पिता पण असं होऊ शकतं का?"

त्याला माझ्याकडून माफी नको होती, काही नको होतं. त्याला त्याचं स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे की नाही एवढंच विचारायचं होतं. आणि ते खात्रीनं सांगू शकणारा या जगात एकच माणूस होता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं रे असं कधी कधी."

हे ते. होल्स्टर नाही, ठाणं नाही, टाकीमागची जागा नाही. हे वाक्य. प्रेमानं म्हणालो मी ते. आवाज अगदी मऊ होता.

त्यानं मान हलवली. खरं मानलं त्यानं. देवासला त्यानं स्वतःच फोन करून सांगितलं की माझा भरवसा नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. दिवाळीच्या आधीच परत प्यायला लागला. आता नागद्याला एका गोदामात चौकीदार आहे, असं कुणीकुणी सांगतं. मेधानं त्याचं नाव टाकलंय. दारूचं तिनं त्याला कितीदा माफ केलं होतं; पण शपथ घालून विचारल्यावर तो तोंडावर खोटं बोलला, हे तिला सोसलं नाही. ती मला म्हणाली होती, "एकदा खरं बोलला असता ना, तर मी त्याच्यासाठी तुमच्याशीही भांडले असते."

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. त्या वर्षीपासून मेधा दिवेलागणीला तबक घेऊन गच्चीत जाते. बीजेची कोर बारीक असते, लवकर मावळते, म्हणून तिची घाई चाललेली असते. यंदाही गेली. वर वारा होता, निरांजन विझायला लागलं, म्हणून तिनं मला हाक मारली. मी गेलो आणि दोन्ही हातांनी ज्योतीला आडोसा केला. तिनं चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, झालं."

नागदा गाडीनं तासाभरावर आहे. मी तबक तिच्या हातातून घेतलं आणि तिच्यामागून खाली आलो.